व्हॉट्सॲपवरची ‘एपीके’ आणि निळ्या टॅगची पिशवी: तुमच्या मोबाइलमधलं ॲप नेमकं येतं कुठून?

ऑगस्ट 2025 मधली गोष्ट. हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाचं निमंत्रण आलं. तारीख 30 ऑगस्ट, लग्नाला नक्की या असा आग्रह आणि खाली पत्रिकेची फाइल. दिसायला पीडीएफसारखीच. त्यांनी ती उघडली आणि खात्यातून 1 लाख 90 हजार रुपये गेले. कारण ती पत्रिका नव्हतीच, ती एपीके फाइल होती. म्हणजे अख्खं एक ॲप.

रिसोडवरून निघालं आणि सेनगाव ओलांडलं की हिंगोली. त्यामुळे आमच्या वाशिम जिल्ह्यातही ही बातमी भराभर फिरली. ‘एपीके उघडू नका’ हा मेसेज प्रत्येक ग्रुपवर येऊन पडला.

गंमत अशी की मालेगाव तालुक्यातल्या आमच्या गावाच्या ग्रुपवर त्या मेसेजच्या थोडं वर स्क्रोल केलं तर तीन एपीके फाइल आधीच पडलेल्या होत्या. एक ‘पीएम किसान’ नावाची, एक आरटीओ चलनाची आणि तिसरी ई-पीक पाहणीची. पहिल्या दोन कुठून फॉरवर्ड होत आल्या होत्या देव जाणे. तिसरी मात्र गावातल्याच एका पोराने टाकली होती, अगदी चांगल्या मनाने. काहींच्या फोनवर ॲप उतरत नव्हतं, म्हणून त्याने आपल्या फोनमधलं काढून सगळ्यांना दिलं. मी काकांना फोन करून सांगितलं, ती फाइल टाकू नका. तर काका म्हणाले, “तू म्हन्तं टाकू नोको. मंग पेरा कसा लावू मी? शेवटची तारीख जवळ आली ना!”

यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

एपीके म्हणजे काय रे भाऊ?

एपीके म्हणजे अँड्रॉइड पॅकेज. ॲप चालायला जे जे लागतं, म्हणजे कोड, चित्रं, कुठकुठल्या परवानग्या हव्यात त्याची यादी, ते सगळं एका पिशवीत भरून तोंड शिवून टाकलेलं असतं. तुम्ही प्ले स्टोअरवर ‘इन्स्टॉल’ दाबता तेव्हाही शेवटी फोनवर पॅकेजच येतं. फरक पिशवीत नाही, ती कुठल्या दुकानातून आली यात आहे.

हे दुकान चालवणाऱ्या व्यवस्थेला संगणकाच्या जगात पॅकेज मॅनेजर म्हणतात. कल्पना प्ले स्टोअरपेक्षा जुनी आहे. 1993 मध्ये डेबियन नावाचा लिनक्सवर आधारलेला मोफत प्रकल्प सुरू झाला. तेव्हा लिनक्सवर एखादं सॉफ्टवेअर टाकायचं तर ते शोधा, ते ज्या दुसऱ्या चार सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे ती शोधा, त्या चारांना आणखी काय लागतं ते शोधा, असा खेळ असायचा. यावर उपाय म्हणून आलेलं ‘एपीटी’ मार्च 1999 मधल्या डेबियन 2.1 सोबत लोकांच्या हातात पडलं. एक आज्ञा द्यायची, लागणारं सगळं एकाच भांडारातून येणार. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 च्या भांडारात 69 हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत. अँड्रॉइडचं दुकान 2008 मध्ये उघडलं, तेव्हा त्याचं नाव अँड्रॉइड मार्केट होतं.

एपीटी वापरणाऱ्याला सुरुवातीला एक गोष्ट हमखास बुचकळ्यात टाकते. तिथे ‘अपडेट’ आणि ‘अपग्रेड’ या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. ‘अपडेट’ने सॉफ्टवेअर बदलतच नाही, फक्त भांडारातली ताजी यादी येते. कुठल्या पॅकेजची कोणती आवृत्ती आली आणि ती अस्सल असेल तर तिचा ठसा काय असायला हवा, हे त्यातून कळतं. या यादीवर डेबियनची डिजिटल सही असते. मग ‘अपग्रेड’ म्हटलं की पॅकेज उतरतं, त्याचा ठसा यादीतल्या ठशाशी ताडून पाहिला जातो आणि जुळला तरच ते आत घेतलं जातं. मधल्या वाटेत कुणी एक अक्षर जरी बदललं तरी ठसा जुळत नाही.

आपल्याकडे हे समजावायला सोयाबीन पुरे. कृषी सेवा केंद्रातून प्रमाणित बियाण्याची पिशवी घेतली की तिला निळा टॅग असतो, लॉट नंबर असतो, शिवण शाबूत असते. पिशवी फोडायच्या आधी जाणता शेतकरी टॅग बघतो, पावती घेतो आणि पेरून झाल्यावरही टॅग आणि थोडं बियाणं जपून ठेवतो. उगवलं नाही तर दाद मागायला तेच लागतं. पॅकेज मॅनेजर हेच करतो. पिशवी कुणी भरली, वाटेत कुणी उसवली का आणि पुढची पिशवी त्याच माणसाकडून आली का, हे तो तुमच्या वतीने बघतो.

व्हॉट्सॲपवरून आलेली एपीके म्हणजे त्याच छापाच्या पिशवीत कुणीतरी भरून आणून दिलेलं बियाणं. छाप कुणालाही मारता येतो.

फोन स्वतः काहीच तपासत नाही का?

तपासतो, पण तुम्हाला वाटतं ते नाही. प्रत्येक अँड्रॉइड ॲपवर ते बनवणाऱ्याची डिजिटल सही असते, ती नसेल तर ॲप बसतच नाही. एखादं ॲप फोनमध्ये आधीपासून असेल आणि त्याचं अपडेट म्हणून दुसऱ्याच सहीची फाइल आली, तर फोन ती नाकारतो. हे कुलूप मजबूत आहे.

अडचण अशी की ही सही कुणाची आहे, हे फोनला माहीत नसतं. ‘मागच्या वेळी ज्याने दिलं होतं तोच हा’ एवढंच त्याला कळतं. नवंच ॲप असेल तर मागची वेळच नसते. त्यामुळे चोर स्वतःची सही मारून, पीएम किसानचं नाव आणि चिन्ह लावून ॲप पाठवू शकतो आणि फोनच्या दृष्टीने ती रीतसर सही असते. ती सही कुणाची, याची हमी द्यायची तर दुकानच लागतं.

म्हणूनच ‘जुनं ॲप काढा आणि हे नवं टाका’ हे वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. जुनं काढलं की ताडून पाहायला काही उरत नाही. हे वाक्य चोरही वापरतात आणि सरकारी सूचनांमध्येही ते असतं. त्याकडे येऊच.

आणखी एक दार आहे. 2017 च्या अँड्रॉइड 8 पासून प्रत्येक ॲपला वेगळी परवानगी द्यावी लागते. व्हॉट्सॲपमधून एपीके उघडली की फोन विचारतो, या ठिकाणाहून ॲप टाकू द्यायचं का? हिंगोलीतल्यासारख्या प्रकारांमध्ये पत्रिका ‘उघडताना’ मध्येच एक-दोन बटणं दाबायला लागतात, ती हीच. खरी पत्रिका बघायला अशी परवानगी कधीच लागत नाही. पण ज्याच्या फोनमध्ये ही परवानगी मागेच कधीतरी देऊन ठेवलेली आहे, त्याला फोन पुन्हा विचारत नाही. काकांच्या फोनमध्ये ती व्हॉट्सॲप, ब्राउजर आणि फाइल मॅनेजर या तिघांनाही दिलेली निघाली. कधी दिली, कुणी दिली, त्यांना आठवत नाही. एखाद्या भाच्याने गेम टाकून दिला असेल, तेव्हाची असणार.

ॲप बसल्यावर ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती मिळाली की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी तिकडे पोचतो. काही ॲप आपलं चिन्ह लपवतात, म्हणजे ‘काहीच झालं नाही, फाइल उघडलीच नाही’ असं वाटून माणूस फोन खिशात ठेवतो. पैसे नंतर जातात, कधीकधी रात्री.

गूगलने ऑक्टोबर 2024 मध्ये भारतासाठी प्ले प्रोटेक्टचा एक कडक प्रयोग जाहीर केला. बाहेरून आलेलं ॲप एसएमएस वाचायची किंवा स्क्रीनवर ताबा घ्यायची परवानगी मागत असेल तर ते बसायलाच द्यायचं नाही. यावर चोरांचं उत्तर साधं आहे. फोनवर बोलता बोलता ते तुम्हालाच प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगतात.

पीएम किसानचंच नाव का?

कारण त्या नावामागे खरे पैसे आहेत. 5 ऑक्टोबर 2024 ला पंतप्रधान वाशिम जिल्ह्यात आले होते. पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं आणि इथूनच देशभरातल्या जवळपास साडेनऊ कोटी शेतकऱ्यांना पीएम किसानचा 18 वा हप्ता सोडण्यात आला, साधारण 20 हजार कोटींचा. सोबत राज्याच्या नमो शेतकरी योजनेचा पाचवा हप्ताही होता. त्या दिवशी जिल्ह्यातल्या घराघरात खात्यात पैसे आल्याचा एसएमएस वाजला असेल. मग ‘तुमचा पुढचा हप्ता अडकलाय, हे ॲप टाकून केवायसी करा’ असा मेसेज आला तर तो खोटा वाटेल कशाला?

शिवाय तो अर्धा खरा असतो. पीएम किसानचं अधिकृत ॲप 2020 पासून आहे. जून 2023 पासून त्यात चेहरा दाखवून ई-केवायसीही करता येतं. केवायसी नसेल तर हप्ता खरोखरच अडकतो. चोराने फक्त शेवटची पायरी बदललेली असते, दुकानाऐवजी फाइल.

अशीच फसवणूक पंतप्रधान सूर्यघर योजनेच्या नावानेही झाली. जुलै 2025 मध्ये मॅकॲफीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की या योजनेचं बनावट ॲप गिटहबवर ठेवलेलं होतं. गिटहब म्हणजे जगभरचे प्रोग्रामर जिथे आपलं काम ठेवतात ती जागा. नाव मोठं आहे, पण तिथे कुणीही काहीही ठेवू शकतं. बाजार समितीच्या आवारात विकलं म्हणून माल समितीचा होत नाही, तसंच.

लोक फाइल फिरवतात तरी का?

‘ग्रामीण भागात जागृती नाही’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. मला ते पटत नाही. आमच्या ग्रुपवरची तिसरी फाइल आठवा.

ई-पीक पाहणी राज्यभर 15 ऑगस्ट 2021 ला सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात जाऊन मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा आणि पेरा सातबाऱ्यावर लावायचा. पुढे आवृत्त्या बदलत गेल्या. मग केंद्राच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेशी जोडलेलं ‘डीसीएस’ ॲप आलं आणि जुनं ॲप काढून हे नवं घ्या, असं सांगण्यात आलं. प्रत्येक हंगामात मुदत ठरलेली. खरिपात ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येते, नेमकी सततच्या पावसात आणि चिखलात.

पेरा लागला नाही तर काय होतं? हमीभावाने सोयाबीन विकायची नोंदणी करताना सातबाऱ्यावर सोयाबीनचा पेरा लागतो. 2025-26 च्या हंगामात हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता. बाजारात भाव त्याच्या खाली असेल तर फरकाचे पैसे त्या एका नोंदीवर अवलंबून असतात. पीक विम्यासाठीही हीच नोंद बघितली जाते.

आता चित्र डोळ्यासमोर आणा. शेतात रेंज नाही. फोन जुना, त्यात जागा नाही, नातवंडांचे व्हिडिओ भरलेले. ॲप उघडलं तर म्हणतं, नवी आवृत्ती घ्या. शेवटच्या दिवसांत सगळा महाराष्ट्र एकदमच आत शिरतो, मग सर्व्हर गोल गोल फिरत बसतो. अशा वेळी शेजारचा पोरगा म्हणाला, माझ्या फोनमध्ये चालतंय, पाठवतो, तर कोण नाही म्हणेल? ती फाइल त्या क्षणी बहुधा खरीच असते. पण व्हॉट्सॲपवरून आलेली एपीके टाकायची सवय तिच्यामुळेच हाताला लागते. पुढच्या वेळी पत्रिका येते, बोट तेच बटण दाबतं.

त्यामुळे सरकारी खात्यांनी फक्त ‘अनोळखी लिंक उघडू नका’चे बॅनर लावून भागणार नाही. हंगामाच्या मधोमध नवी आवृत्ती सक्तीची करायची नाही. शक्यतो तेच ॲप अपडेट करायचं, ‘जुनं काढा, नवं टाका’ टाळायचं. दुकानातली अधिकृत लिंक तलाठी कार्यालयाच्या भिंतीवर क्यूआर कोडमध्ये लावायची. पॅकेज मॅनेजर चालवणारे लोक या शिस्ती तीस वर्षं पाळत आलेत, यात नवं काही शोधायचं नाही. पेरणीच्या ऐन दिवशी बियाण्याची जात बदलून देणाऱ्या दुकानदाराला आपण काय म्हणू?

मग दुकानातलं सगळं चोख का?

नाही. 2020 च्या खरिपात टॅग लावलेलं सोयाबीनही उगवलं नाही, अशा हजारो तक्रारी राज्यभर झाल्या होत्या. ॲपच्या दुकानातही तसंच होतं. सप्टेंबर 2022 ते ऑगस्ट 2023 या वर्षभरात गूगलने प्ले स्टोअरवरून 2,200 हून जास्त लोन ॲप काढून टाकली, म्हणजे तोवर ती दुकानातच मांडलेली होती.

अपडेटच्या वाटेनेही चोर शिरतो. 27 जून 2017 ला उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं होतं. ते टर्मिनल मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं. नॉटपेट्या नावाचा तो हल्ला सुरू झाला होता युक्रेनमध्ये, तिथल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. हल्लेखोरांनी अपडेट देणाऱ्याचंच घर फोडलं होतं. लोकांनी नियमाप्रमाणे अपडेट घेतलं आणि घात झाला.

आणि मार्च 2024 मध्ये लिनक्सच्या जगात जे झालं ते तर सिनेमात शोभावं. ‘एक्सझेड’ नावाचं फाइल दाबून लहान करणारं एक छोटं सॉफ्टवेअर जगभरच्या सर्व्हरवर असतं. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी ते सांभाळणाऱ्याचा विश्वास दोन-अडीच वर्षं लावून कमावला आणि मग त्यात चोरदार बसवलं. डेबियनच्या चाचणी आवृत्तीपर्यंत ते पोचलंही होतं. मायक्रोसॉफ्टमधला एक इंजिनिअर, आंद्रेस फ्रॉइंड, याला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. तो खोदत गेला आणि 29 मार्चला त्याने सगळं जाहीर केलं. त्यानंतर सदोष आवृत्ती लगेच भांडारांमधून मागे घेतली गेली.

बियाण्याच्या लॉट नंबरचा उपयोग इथे कळतो. कुठल्या आवृत्तीत गडबड आहे, ती कुणाकडे गेली, परत कशी घ्यायची, हे दुकानाला माहीत असतं. व्हॉट्सॲपवर फिरलेली फाइल परत कोण बोलावणार?

आता गूगल काय बदलतंय?

ऑगस्ट 2025 मध्ये गूगलने जाहीर केलं की यापुढे प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप देणाऱ्यालाही आपली ओळख गूगलकडे पटवावी लागेल. नाही पटवली तर प्रमाणित अँड्रॉइड फोनवर ते ॲप बसणार नाही. सप्टेंबर 2026 मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून सुरुवात आणि 2027 पासून बाकीच्या जगात, असं वेळापत्रक देण्यात आलं. म्हणजे ‘सही कुणाची हे फोनला माहीत नसतं’ ही जी फट आपण वर बघितली, ती बुजवायचा हा प्रयत्न.

ऐकायला चांगलंच वाटतं. पण विरोधही झाला आणि विरोध करणारे चोर नव्हते. एफ-ड्रॉइड नावाचं 2010 पासूनचं एक मोफत दुकान आहे. तिथली ॲप खुल्या कोडची असतात, कुणीही आत काय आहे ते वाचू शकतं. त्यांचं म्हणणं, आमच्यासाठी हौसेने ॲप लिहिणाऱ्याने गूगलकडे नोंदणी का करावी? फोन मी विकत घेतला, त्यावर काय चालेल हे एक कंपनी का ठरवणार? या गदारोळानंतर, नोव्हेंबर 2025 मध्ये, जाणकारांना धोका समजून-उमजून बाहेरचं ॲप टाकता येईल अशी वेगळी वाट ठेवू, असं गूगलने सांगितलं.

मला इथे पुन्हा बियाणंच आठवतं. 2001 च्या पीक वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला घरचं बियाणं राखायचा, पेरायचा, शेजाऱ्याला द्यायचा, विकायचासुद्धा हक्क दिलाय. बंदी एवढीच की ते ब्रँडचं म्हणून विकायचं नाही. एफ-ड्रॉइडचं ॲप हे घरचं बियाणं आहे, घरचं म्हणूनच सांगून दिलेलं. ‘पीएम किसान’ नावाची एपीके म्हणजे भलतंच काही ब्रँडच्या पिशवीत भरून दिलेलं. नियम करताना या दोघांना एकाच मापाने मोजलं तर नुकसान पहिल्याचं होईल, दुसरा नवी युक्ती शोधेल.

आणि चुकून टाकलंच असेल तर?

आधी इंटरनेट बंद करा, एअरप्लेन मोड टाका. दुसऱ्या फोनवरून 1930 लावा आणि बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत गोठवायचे असतात, त्यामुळे इथे तासांचा हिशेब असतो. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर होते. चिन्ह दिसत नसलं तरी सेटिंग्जमधल्या ॲपच्या पूर्ण यादीत ते सापडतं, पण काढण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, पोलिसांना लागतो. स्वतःला खात्री नसेल तर फोन बंद ठेवून तसाच पोलीस ठाण्यात घेऊन जा.

काही झालेलं नसेल तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘अननोन ॲप्स’ लिहा. कुणाकुणाला परवानगी दिलेली आहे ते दिसेल. सगळी बंद करा, प्ले स्टोअरला काही फरक पडत नाही. आणि सेतू किंवा ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना: विंडोज 10 ची नेहमीची मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 पासून थांबली आहेत. गावाचे आधार आणि सातबारे ज्या संगणकातून जातात, त्याचं काय करायचं हे बघा.

काकांच्या फोनमधल्या तिन्ही परवानग्या मी बंद केल्या. व्हिडिओ उडवून जागा केली, ई-पीक पाहणीचं ॲप वाडीवर रेंज येते तिथे उभं राहून प्ले स्टोअरवरूनच घेतलं. दोन वेळा अडकलं, तिसऱ्यांदा उतरलं. पेरा लागला.

मग रब्बीची पाहणी सुरू झाली, तेव्हा काकांनी ग्रुपवर फाइल नाही, प्ले स्टोअरची लिंक टाकली. खाली दोन मिनिटांत एकाचा रिप्लाय: “फाइल नाही का भाऊ? लिंक उघडत नाही.”